कोन-विभेदी प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान

कोन-विभेदी प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान ही घन पदार्थांतील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा आणि त्यांचा संवेग एकाच वेळी मोजण्याची प्रायोगिक पद्धत आहे. पदार्थाच्या स्वच्छ पृष्ठावर ज्ञात ऊर्जेचे जंबुपार किंवा क्ष-किरण टाकले असता त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते किती ऊर्जेने आणि कोणत्या दिशेने बाहेर पडले याची नोंद करून, बाहेर पडण्यापूर्वी पदार्थाच्या आत ते कोणत्या अवस्थेत होते, याचा उलगडा केला जातो. प्रयोगशाळांतून या पद्धतीचा उल्लेख ‘आर्पेस’ या संक्षेपाने होतो.

उच्च तापमानाचे अतिसंवाहक, संस्थितिक निरोधक, ग्राफीन यांसारख्या नव्या पदार्थांच्या अभ्यासात या पद्धतीला महत्त्वाचे स्थान आहे. या पदार्थांचे गुणधर्म सुट्या इलेक्ट्रॉनाच्या वर्तनावरून सहजासहजी सांगता येत नाहीत. असंख्य इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित वर्तनातून किंवा स्फटिकाच्या एकंदर रचनेतून ते प्रकट होतात. अशा सामूहिक वर्तनाचा ठसा प्रत्येक इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेवर व संवेगावर उमटतो आणि तो ठसा वाचण्याचे काम ही पद्धत करते.

उद्भूत वर्तन

अनेक घटक एकत्र आल्यानंतर, एकेकट्या घटकात नसलेला जो गुणधर्म समूहात दिसू लागतो त्याला उद्भूत गुणधर्म म्हणतात. पाण्याच्या एका रेणूला द्रव म्हणता येत नाही किंवा बर्फही म्हणता येत नाही. या दोन्ही अवस्था रेणूंच्या समूहाच्या आहेत. त्याचप्रमाणे लोहचुंबकत्व आणि अतिसंवाहकता हे गुण एका इलेक्ट्रॉनाचे नसून इलेक्ट्रॉनांच्या समुदायाचे आहेत. अमेरिकन भौतिकीविज्ञ फिलिप अँडरसन यांनी १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ‘मोअर इज डिफरंट’ हा लेख लिहून या विचाराची मांडणी केली. मूलकणांचे नियम पूर्णपणे ज्ञात असले, तरी तेवढ्यावरून मोठ्या समूहाचे वर्तन रचून दाखवता येईलच असे नाही. संख्या वाढली की नव्या पातळीवर नवे नियम लागू होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

घन पदार्थांचा रूढ पट्ट सिद्धांत प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांपासून जवळजवळ स्वतंत्र आहे असे मानतो. तांबे, ॲल्युमिनियम, सिलिकॉन अशा पदार्थांचे वर्तन त्याने उत्तम प्रकारे स्पष्ट होते. मात्र निकेल ऑक्साइड या सिद्धांतानुसार विद्युत् संवाहक असायला हवे, ते प्रत्यक्षात निरोधक आहे, ही विसंगती १९३७ सालीच लक्षात आली होती. एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आल्यास त्यांच्यातील प्रतिकर्षणामुळे ऊर्जा फार वाढते. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या जागी अडकून पडतो, असे स्पष्टीकरण ब्रिटिश भौतिकीविज्ञ नेव्हिल मॉट यांनी विकसित केले. अशा पदार्थांना मॉट निरोधक म्हणतात. ज्या पदार्थांत इलेक्ट्रॉनांतील परस्परक्रिया इतकी प्रबळ असते, तेथे स्वतंत्र इलेक्ट्रॉनाची कल्पना कोठवर टिकते हे प्रयोगानेच ठरवावे लागते.

मूलतत्त्व

या पद्धतीचा पाया प्रकाशविद्युत् परिणाम हा आहे. पदार्थातील इलेक्ट्रॉनाने एक प्रकाशकण शोषला की प्रकाशकणाची सर्व ऊर्जा इलेक्ट्रॉनाला मिळते. त्यातील काही ऊर्जा इलेक्ट्रॉनाला बंधनातून सुटण्यासाठी व काही पृष्ठ ओलांडण्यासाठी खर्च करावी लागते. उरलेली गतिज ऊर्जेच्या रूपाने त्याच्याजवळ राहते. पृष्ठ ओलांडण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेला कार्य फलन म्हणतात. यावरून पुढील संबंध मिळतो :

गतिज ऊर्जा = प्रकाशकणाची ऊर्जा − बंधन ऊर्जा − कार्य फलन

प्रकाशकणाची ऊर्जा व कार्य फलन ज्ञात असल्यामुळे गतिज ऊर्जा मोजली की बंधन ऊर्जा समजते.

दुसरी आवश्यक राशी संवेग ही होय. स्फटिकाचे पृष्ठ सपाट व अणूंची मांडणी नियमित असेल, तर इलेक्ट्रॉन बाहेर पडताना त्याच्या संवेगाचा पृष्ठाला समांतर असलेला घटक (जालकाच्या पुनरावृत्तीमुळे येणारी ठरावीक भर सोडल्यास) बदलत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन पृष्ठाच्या लंबाशी किती अंशांचा कोन करून निघाला हे मोजले की स्फटिकातील त्याचा संवेग काढता येतो. उदाहरणार्थ, हेलियम दिव्याच्या प्रकाशकणाची ऊर्जा २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कार्य फलन ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरल्यास सर्वांत शिथिल बंधन असलेले इलेक्ट्रॉन १६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जेने बाहेर पडतात. ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहकांत शेजारच्या तांब्याच्या अणूंमधील अंतर सुमारे ३.८ अँगस्ट्रॉम असते. त्यावरून येणाऱ्या संवेगक्षेत्राच्या कडेपर्यंत पोहोचण्यासाठी लंबापासून सुमारे २३ अंशांपर्यंतचे कोन तपासावे लागतात.

ऐतिहासिक आढावा

जंबुपार प्रकाशामुळे धातूच्या गोलकांमधील विद्युत् ठिणगी अधिक सहजपणे पडते, हे जर्मन भौतिकीविज्ञ हाइन्रिख हर्ट्‌झ यांना १८८७ साली आढळले. प्रकाश ऊर्जेच्या पुंजांच्या स्वरूपात शोषला जातो हे गृहीत धरून अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली या परिणामाचे स्पष्टीकरण दिले. १९२१ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः याच कार्यासाठी मिळाले.

या परिणामाचा उपयोग पदार्थांच्या सूक्ष्म विश्लेषणासाठी करण्याचे श्रेय स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे काइ सीगबान यांच्याकडे जाते. त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून क्ष-किरणांनी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अचूक मोजण्याची साधने तयार केली. एखाद्या अणूच्या अंतर्गत इलेक्ट्रॉनांची बंधन ऊर्जा त्या अणूच्या रासायनिक परिस्थितीनुसार किंचित बदलते, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले. त्यामुळे नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत आणि ती कोणत्या रासायनिक अवस्थेत आहेत, हे सांगणे शक्य झाले. या कार्याबद्दल त्यांना १९८१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. त्यांचे वडील मान्ने सीगबान यांना क्ष-किरण वर्णपटविज्ञानातील कार्यासाठी १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

पुढील काळात सिंक्रोट्रॉन प्रारणाचे स्रोत उपलब्ध झाले आणि हव्या त्या ऊर्जेचा तीव्र प्रकाश मिळू लागला. १९८६ साली उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचा शोध लागल्यावर या पद्धतीच्या विकासाला मोठी गती मिळाली. कारण नव्या पदार्थांत नेमके काय घडते हे पाहण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक अचूक मापनाची गरज होती. आधुनिक उपकरणांत एक मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे ऊर्जाभेद आणि अंशाच्या काही दशांशांइतके कोनभेद वेगळे दिसू शकतात.

उपकरण आणि प्रयोगाची रीत

उपकरणाचे चार मुख्य भाग असतात : प्रकाशाचा स्रोत, निर्वात कक्ष, नमुना धरणारा व थंड ठेवणारा दांडा आणि इलेक्ट्रॉन विश्लेषक. प्रकाशासाठी हेलियम दिवा, क्ष-किरण नलिका, लेसर किंवा सिंक्रोट्रॉन यांचा वापर होतो. विश्लेषकात एकात एक बसवलेले दोन अर्धगोल असतात व त्यांच्यामध्ये विद्युत् क्षेत्र असते. या क्षेत्रात अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी वळतात व कमी ऊर्जेचे अधिक वळतात; त्यामुळे ते पटलावर वेगवेगळ्या ठिकाणी पोहोचतात. पटलाची एक बाजू ऊर्जा व दुसरी बाजू कोन दर्शवते. अशा रीतीने इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्टांचे चित्र जवळजवळ थेट उमटते.

बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन पृष्ठाखालच्या अगदी पातळ थरातून येतात. २० ते १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाला पदार्थात टक्कर न होता साधारण ५ ते १० अँगस्ट्रॉम, म्हणजे अणूंच्या दोन-चार थरांइतकेच अंतर कापता येते. म्हणून पृष्ठावर हवेतील रेणूंचा एक थर जरी बसला, तरी मापन बिघडते. पृष्ठावर आदळणारा प्रत्येक रेणू तेथेच चिकटला असे मानल्यास १०⁻⁶ टॉर दाबाच्या निर्वातातही असा थर काही सेकंदांत तयार होतो. दाब १०⁻¹⁰ टॉर किंवा त्याहून कमी ठेवला, तर मापनासाठी काही तासांचा अवधी मिळतो.

स्वच्छ पृष्ठ मिळवण्याची रीत साधी आहे. स्फटिक धारकावर चिकटवून त्याच्या माथ्यावर एक छोटी खुंटी चिकटवतात. निर्वात कक्षात नेल्यावर बाहेरून हलवता येणाऱ्या दांड्याने खुंटीला धक्का देतात. खुंटी स्फटिकाचा वरचा भाग घेऊन तुटते आणि आतील ताजे पृष्ठ उघडे पडते. ज्यांचे थर एकमेकांशी शिथिलपणे जोडलेले असतात असे स्फटिक यासाठी सोयीचे ठरतात. बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडाचा सर्वाधिक अभ्यास होण्यामागे त्याचे थर सहज सुटतात, हेही एक महत्त्वाचे कारण आहे.

वर्णपटाचे वाचन

परस्परक्रिया नसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत प्रत्येक संवेगासाठी एका ठरावीक ऊर्जेवर तीक्ष्ण शिखर दिसायला हवे. प्रत्यक्ष पदार्थात शिखर रुंदावते, सरकते आणि कधी कधी नाहीसेही होते. समूहाचा परिणाम याच बदलांतून कळतो.

शिखराची रुंदी त्या अवस्थेच्या आयुष्याशी निगडित असते. शिखर जितके रुंद, तितके आयुष्य कमी. शिखरांच्या रेषेचा उतार इलेक्ट्रॉनाचा वेग सांगतो. अपेक्षेपेक्षा उतार कमी असल्यास इलेक्ट्रॉन जणू अधिक जड झाला आहे, असा त्याचा अर्थ होतो. आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांचा आणि जालकाच्या कंपनांचा प्रभाव सोबत वाहणाऱ्या अशा इलेक्ट्रॉनाला कणसदृश अवस्था म्हणतात. या रेषेला मध्येच बाक आला असेल, तर त्या ऊर्जेच्या एखाद्या कंपनाशी इलेक्ट्रॉनाची प्रबळ क्रिया होत असल्याचे सूचित होते. सर्वांत वरच्या भरलेल्या पातळीजवळ, म्हणजे फेर्मी पातळीजवळ, इलेक्ट्रॉन आढळेनासे झाले, तर तेथे ऊर्जाफट निर्माण झाली आहे असे समजतात.

नव्या पदार्थांचा अभ्यास

ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहक. हेइके कॅमरलिंग ओनेस यांना १९११ साली पाऱ्यात सुमारे ४.२ केल्व्हिन तापमानाला अतिसंवाहकता आढळली. तिचे स्पष्टीकरण बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ साली दिले. जालकाच्या कंपनांमुळे इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बनतात आणि सर्व जोड्या मिळून एकच सामूहिक अवस्था धारण करतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. १९८६ साली योहान्स बेडनोर्ट्‌स व कार्ल म्यूलर यांना लँथॅनम, बेरियम व तांबे यांच्या ऑक्साइडात ३० केल्व्हिनच्या वर अतिसंवाहकतेची चिन्हे आढळली. लवकरच यिट्रियमयुक्त संयुगात हे तापमान ९० केल्व्हिनच्या पुढे गेले आणि द्रव नायट्रोजनाच्या ७७ केल्व्हिन या उत्कलनबिंदूची मर्यादा ओलांडली गेली. या पदार्थांची मूळ, अशुद्धी न मिसळलेली संयुगे मात्र मॉट निरोधक आहेत. निरोधकातून अतिसंवाहक कसा उद्भवतो, हा प्रश्न तेव्हापासून भौतिकीपुढे उभा आहे.

साध्या अतिसंवाहकात ऊर्जाफट सर्व दिशांना जवळजवळ सारखी असते. बिस्मथयुक्त ताम्र-ऑक्साइडात ती दिशेनुसार बदलते, असे स्टॅनफर्ड येथील गटाने १९९३ साली या पद्धतीने दाखवले. तांबे-ऑक्सिजन बंधांच्या दिशेला ती सर्वाधिक, सुमारे ३० ते ४० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. बंधांशी ४५ अंशांच्या दिशेला ती शून्यावर येते. जोड्यांची रचना जुन्या सिद्धांतातील रचनेपेक्षा वेगळी आहे, याचा हा महत्त्वाचा पुरावा ठरला. फटीचे चिन्ह दिशेनुसार बदलते हे मात्र या मापनातून कळत नाही. ते त्याच दशकातील, कला मोजणाऱ्या वेगळ्या प्रयोगांनी सिद्ध झाले.

१९९६ साली आणखी एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. कमी प्रमाणात अशुद्धी मिसळलेल्या नमुन्यांत अतिसंवाहकता नाहीशी झाल्यानंतरही, म्हणजे संक्रमण तापमानाच्या वर, काही दिशांना ऊर्जाफट शिल्लक राहते. तिला आभासी फट म्हणतात. ही फट अतिसंवाहकतेची पूर्वतयारी आहे की तिच्याशी स्पर्धा करणारी वेगळीच अवस्था आहे, याविषयी मतभेद आहेत. २००१ साली निरनिराळ्या ताम्र-ऑक्साइडांत ५० ते ८० मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेजवळ ऊर्जारेषेला बाक असल्याचे दाखवण्यात आले. काही संशोधकांनी त्याचा संबंध जालकाच्या कंपनांशी जोडला, तर काहींनी चुंबकीय आंदोलनांशी. म्हणजे चित्र स्पष्ट दिसूनही त्याच्या अर्थाबद्दलचा वाद मिटलेला नाही.

संस्थितिक निरोधक. हे पदार्थ आतून निरोधक, पण पृष्ठावर संवाहक असतात. त्यांचे पृष्ठीय संवहन एखाद्या विशिष्ट अणूमुळे येत नाही; स्फटिकातील इलेक्ट्रॉन अवस्थांच्या एकंदर गुंफणीचा तो परिणाम असतो. सैद्धांतिक भाकितानंतर २००८ साली बिस्मथ-अँटिमनी मिश्रधातूत आणि २००९ साली बिस्मथ सेलेनाइड व बिस्मथ टेल्युराइड यांत अशा पृष्ठीय अवस्था या पद्धतीने पाहण्यात आल्या. बिस्मथ सेलेनाइडात सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या फटीत दोन रेषा एकमेकींना छेदतात व शंकूसारखी आकृती तयार होते. इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशा त्याच्या गतीच्या दिशेशी बांधलेली असते, हेही परिवलन मोजणाऱ्या उपकरणाने दिसून आले. एरवी केवळ पृष्ठापुरती दृष्टी असणे हा या पद्धतीचा दोष मानला जातो. येथे तोच गुण ठरला. २०१५ साली टँटलम आर्सेनाइडाच्या पृष्ठावर फेर्मी पातळीची वक्ररेषा बंद न होता दोन बिंदूंमध्ये तुटलेली आढळली. हेर्मान व्हाइल यांनी १९२९ साली मांडलेल्या वस्तुमानरहित कणांच्या समीकरणाला अनुरूप असे इलेक्ट्रॉनांचे सामूहिक वर्तन स्फटिकात असल्याचा हा पुरावा होता.

ग्राफीन आणि अतिपातळ थर. कार्बनाच्या एकाच अणूइतक्या जाडीच्या ग्राफीनमध्ये ऊर्जा आणि संवेग यांचा संबंध सरळ रेषेचा असतो, हे या पद्धतीच्या चित्रांत स्पष्ट दिसते. ग्राफीनचे दोन थर एकमेकांवर सुमारे १.१ अंशाने फिरवून ठेवल्यास त्यांत निरोधक व अतिसंवाहक अवस्था निर्माण होतात, असे २०१८ साली आढळले. या कोनाला ऊर्जापट्ट जवळजवळ सपाट होतो, म्हणजे इलेक्ट्रॉन अत्यंत मंद होतात व त्यांच्यातील परस्परक्रियेचे वर्चस्व वाढते. सूक्ष्म बिंदूवर केंद्रित केलेल्या प्रकाशाच्या साहाय्याने हा सपाट पट्ट पुढे प्रत्यक्ष पाहण्यात आला.

पद्धतीचे प्रगत प्रकार

परिवलन-विभेदी प्रकारात इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाची दिशाही मोजतात. सूक्ष्म-केंद्रित प्रकारात प्रकाशाचा ठिपका मायक्रोमीटरहून लहान करून नमुन्याचे लहान लहान भाग स्वतंत्रपणे तपासतात. अधिक ऊर्जेचे क्ष-किरण वापरल्यास इलेक्ट्रॉन अधिक खोलीवरून येतात व पदार्थाच्या अंतर्भागाची माहिती मिळते. मात्र त्याबरोबर संवेगमापनाची अचूकता घटते.

काल-विभेदी प्रकारात लेसरचे एक स्पंद पदार्थाला उत्तेजित करते आणि ठरावीक विलंबाने येणारे दुसरे स्पंद इलेक्ट्रॉन बाहेर काढते. विलंब बदलत गेल्यास बदलांची चित्रमालिकाच मिळते. कमी तापमानाला टँटलम डायसल्फाइडाच्या एका रूपात १३ टँटलम अणूंचे तारकाकृती समूह बनतात व पदार्थ निरोधक होतो. त्यावर लेसर स्पंद पाडल्यास निरोधक फट काही फेम्टोसेकंदांच्या कालमापावर भरून येते, पण जालकातील अणू तितक्या लवकर हलू शकत नाहीत. त्यावरून ही फट टिकवण्यात केवळ अणूंच्या मांडणीचाच नव्हे, तर इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणाचाही वाटा आहे, असा निष्कर्ष काढता येतो. स्थिर अवस्थेत एकमेकांत मिसळलेली कारणे अशा रीतीने काळाच्या आधारे वेगळी करता येतात.

मर्यादा

पृष्ठाची रचना अंतर्भागाहून निराळी असू शकते. म्हणून पृष्ठावरील निष्कर्ष संपूर्ण पदार्थाला लावताना काळजी घ्यावी लागते. नमुना चांगला निरोधक असेल, तर इलेक्ट्रॉन गेल्यामुळे तो विद्युत् भारित होतो व मोजलेली ऊर्जा सरकते. चुंबकीय क्षेत्रामुळे बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांचा मार्ग वळतो, त्यामुळे नमुना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून हे मापन करता येत नाही. नमुन्यावर मोठा दाब देऊनही ते करता येत नाही. पृष्ठाला लंब असलेला संवेगाचा घटक थेट मिळत नाही. तो गृहीतकांच्या आधारे काढावा लागतो. शिवाय केवळ भरलेल्या पातळ्याच दिसतात. फेर्मी पातळीच्या फार वरच्या, रिकाम्या पातळ्यांसाठी इतर पद्धती वापराव्या लागतात. शिखराची उंचीही केवळ इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर अवलंबून नसते. प्रकाशाचे ध्रुवण आणि त्याची ऊर्जा यांनुसार ती बदलते. म्हणून विशिष्ट दिशेला शिखर न दिसणे म्हणजे तेथे अवस्थाच नाही, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही.

या कारणांमुळे क्रमवीक्षण सुरंग सूक्ष्मदर्शक, न्यूट्रॉन प्रकीर्णन, विद्युत् रोधाचे मापन इत्यादी पद्धतींच्या निष्कर्षांशी पडताळा घेऊनच अंतिम अर्थ लावतात.

भारतातील संशोधन

भारतात प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाचा उपयोग संक्रामणी धातूंच्या ऑक्साइडांच्या अभ्यासासाठी विशेषत्वाने झाला आहे. बेंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत चिं. ना. रा. राव आणि दीपंकर दास सरमा यांनी या क्षेत्रात महत्त्वाचे कार्य केले. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही प्रबळ परस्परक्रिया असलेल्या पदार्थांवर या पद्धतीने संशोधन चालते. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इंडस-१ आणि २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इंडस-२ असे दोन सिंक्रोट्रॉन प्रारण स्रोत आहेत. त्यांवर प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाच्या सोयी आहेत व देशभरातील संशोधक त्यांचा उपयोग करतात.

महत्त्व

उद्भूत वर्तनाच्या अभ्यासात सिद्धांत आणि प्रयोग यांच्यातील अंतर फार मोठे असते. कारण परस्परांवर प्रभाव टाकणाऱ्या असंख्य इलेक्ट्रॉनांचे गणित अचूकपणे सोडवणे सामान्यतः शक्य होत नाही. सिद्धांत जी राशी वर्तवतो, तिच्या जवळ जाणारी राशी या पद्धतीने प्रत्यक्ष मोजता येते. त्यामुळे कोणता सिद्धांत ग्राह्य धरावा व कोणता सोडून द्यावा, हे ठरवण्यास मदत होते. संस्थितिक निरोधकांच्या बाबतीत मापनाने भाकिताला पुष्टी दिली. ताम्र-ऑक्साइडांच्या बाबतीत तिने आभासी फटीसारखी नवी कोडी पुढे आणली आणि त्या पदार्थांच्या कोणत्याही समाधानकारक सिद्धांताला ती उलगडावी लागणार आहेत.